२०० मोठे की ४८?

एका फोनच्या कॅमेऱ्यात २०० मेगापिक्सेल. दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात ४८. सांगा पाहू, जास्त चांगला फोटो कोणाचा?

थांबा, थांबा! उत्तर ओरडून सांगायची घाई नको. आधी दोघांची ओळख करून घेऊ. २००वाला आहे सॅमसंगचा गॅलेक्सी एस२३ अल्ट्रा. तो आला फेब्रुवारी २०२३ मध्ये. ४८वाला आहे ॲपलचा आयफोन १४ प्रो. तो त्याच्या पाचेक महिने आधी, सप्टेंबर २०२२ मध्ये आला. त्यानंतर दोन्ही कंपन्यांनी आणखी नवे फोन काढले, पण मी मुद्दाम ही जोडी निवडली आहे. गणपतीत पाहुणे जमले की आरतीनंतर काका आणि आतेभाऊ तावातावानं बोलत असतात ना, "माझ्याकडे दोनशे आहेत, तुझ्याकडे किती?" अशा वादात मधे पडायचं असेल, तर ही जोडी फार कामाची आहे.

मेगा म्हणजे दहा लाख. पिक्सेल म्हणजे प्रकाश टिपणारा एक इवलासा चौकोन. तर २०० मेगापिक्सेल म्हणजे असे २० कोटी चौकोन! २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी होती. त्यातल्या प्रत्येक माणसाला एकेक पिक्सेल वाटला, तरी पावणेनऊ कोटी उरतीलच. आणि हे सगळे बसतात कुठे? कॅमेऱ्याच्या भिंगामागे एक पातळ चकती असते, तिला सेन्सर म्हणतात. तिच्यावर.

ही चकती केवढी असेल? वही-पेन्सिल घ्या, आपण स्वतःच मोजू. सॅमसंगच्या सेन्सरवर आडव्या एका ओळीत १६,३२० पिक्सेल आहेत. प्रत्येकाची रुंदी ०.६ मायक्रॉन. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) करा गुणाकार. आलं ना साधारण ९.८ मिलिमीटर? आता आयफोन. त्याच्या एका ओळीत ८,०६४ पिक्सेल, आणि प्रत्येकाची रुंदी १.२२ मायक्रॉन. पुन्हा गुणाकार करा.

साधारण ९.८ मिलिमीटर!

म्हणजे दोन्ही चकत्या जवळजवळ सारख्याच, तुमच्या करंगळीच्या नखाएवढ्या. सॅमसंगनं तेवढ्याच जागेचे जास्त तुकडे केले आणि आयफोनसाठी सेन्सर बनवणाऱ्या सोनी कंपनीनं कमी तुकडे केले, इतकंच. जागा वाढलेली नाही. मग त्या जागेवर पडणारा प्रकाश तरी कसा वाढेल?

आता मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट सांगतो. आपल्या डोक्यावरच्या एका केसाची जाडी असते सत्तरेक मायक्रॉन. म्हणजे एका केसाच्या जाडीत सॅमसंगचे शंभराहून जास्त पिक्सेल शेजारी शेजारी उभे राहतील. आणि लाल प्रकाशाची एक लहर असते सुमारे ०.६५ मायक्रॉन लांबीची. बघा बरं, पिक्सेल ०.६ आणि लहर ०.६५! ज्या प्रकाशाला पकडायचं, त्याच्या एका लहरीपेक्षाही पिक्सेल लहान आहे. माणसानं कारखान्यात अशी वस्तू बनवावी आणि ती कोणाच्याही खिशात जाऊन बसावी, याचं मला अजून नवल वाटतं.

पण इतकं लहान होण्याची किंमत मोजावी लागते. ती कळते संध्याकाळ झाल्यावर.

प्रकाश हा सुट्या सुट्या कणांनी येतो. त्या कणांना फोटॉन म्हणतात. पिक्सेलचं काम एकच, आपल्यावर किती फोटॉन पडले ते मोजायचं. जास्त पडले तर फोटोत तो ठिपका उजळ, कमी पडले तर काळपट. उन्हात फोटॉनांचा नुसता वर्षाव असतो. अंधारलेल्या खोलीत मात्र ते मोजकेच येतात, आणि वेळापत्रक पाळत नाहीत. समजा, एका पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन पडायला हवेत. प्रत्यक्षात कुठे ९२ पडतात, कुठे १०७, कुठे १११. हा कमीजास्तपणा साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. १०० चं वर्गमूळ १०. शंभरात दहा, म्हणजे दहा टक्क्यांची गडबड! म्हणून तर रात्री काढलेल्या फोटोत घरातली गुळगुळीत भिंतसुद्धा रवाळ दिसते. भिंतीवर काही नसतं, ती फोटॉनांची धांदल असते.

यावर इंजिनियरांनी काय युक्ती काढली असेल? अंगतपंगत!

मधल्या सुट्टीत तुम्ही करता तेच. प्रत्येकाच्या डब्यात थोडंथोडं असतं, पण सगळे डबे मध्ये ठेवले की झकास जेवण होतं. सॅमसंगच्या सेन्सरवर चार ओळी आणि चार रांगा, असे १६ पिक्सेल आपापले फोटॉन एकत्र करतात आणि मिळून एक मोठा पिक्सेल होतात. प्रत्येकी १०० धरले तर एकूण १,६००. त्याचं वर्गमूळ ४०. आता गडबड उरली १,६०० मध्ये ४०, म्हणजे फक्त अडीच टक्के. दहा टक्क्यांवरून अडीचवर! आयफोनमध्येही अशीच पंगत बसते, फक्त तिथे चौघे चौघे एकत्र येतात.

पुन्हा वही काढा. सॅमसंगच्या १६ जणांच्या मोठ्या पिक्सेलची रुंदी होते ४ गुणिले ०.६, म्हणजे २.४ मायक्रॉन. आयफोनच्या चौघांची होते २ गुणिले १.२२, म्हणजे २.४४ मायक्रॉन. आणि फोटोत पिक्सेल किती उरले? २०० ला १६ नं भागा, ४८ ला ४ नं भागा. दोन्ही उत्तरं येतात बाराच्या आसपास! तुम्ही काहीही न बदलता नुसतं बटण दाबलंत, तर २००वाला फोनही १२ मेगापिक्सेलचा फोटो देतो आणि ४८वालाही १२ मेगापिक्सेलचाच.

काका आणि आतेभाऊ, दोघांनाही हे सांगून बघा!

मग ते २०० कशाला ठेवलेत? अगदीच वाया जात नाहीत. भरपूर ऊन असेल, तर सेटिंग बदलून सुटे पिक्सेल वापरता येतात. किल्ल्याचा फोटो काढून नंतर त्यातला फक्त बुरूज कापून मोठा करायचा असेल, तेव्हा त्यांचा उपयोग होतो. आयफोन १४ प्रोलाही प्रोरॉ नावाच्या सेटिंगमध्ये पूर्ण ४८ देता येतात. पण इथेही प्रकाशाचा एक हट्ट आडवा येतो. छोट्याशा गोल झरोक्यातून जाताना प्रकाश किंचित पसरतो. कितीही उत्तम भिंग लावा, एका बिंदूतून आलेला प्रकाश या दोन्ही फोनांच्या सेन्सरवर सुमारे दोन मायक्रॉनच्या ठिपक्याएवढा पसरतोच. सॅमसंगच्या एका आडव्या ओळीतले ०.६ मायक्रॉनचे तीनचार पिक्सेल त्या एकाच ठिपक्याखाली झाकले जातात. त्यामुळे २० कोटी पिक्सेल असले, तरी २० कोटी वेगवेगळे तपशील मिळत नाहीत. शिवाय तो फोटो तुम्ही पाहणार कुठे? आयफोन १४ प्रोच्या पडद्यावर एकूण पिक्सेल आहेत २,५५६ गुणिले १,१७९, म्हणजे तीस लाखांच्या जरासे वर. मोठं करून पाहिलं नाही, तर १२ मेगापिक्सेलचे १ कोटी २० लाखसुद्धा त्यात मावत नाहीत.

जाता जाता एक सांगतो. दोन्ही फोनच्या मुख्य भिंगाचा झरोका असतो साधारण चार मिलिमीटरचा. तुमच्या डोळ्यातली बाहुली काळोखात सहासात मिलिमीटरपर्यंत मोठी होते. तेव्हा झरोक्याच्या मापात तुम्ही दोन्ही फोनांच्या पुढे आहात.

आता रंगांकडे वळू. ही गंमत ऐकून तुम्ही म्हणाल, हे शक्यच नाही. पिक्सेलला रंग कळतच नाही! तो फक्त फोटॉन मोजतो. मग रंग येतो कुठून? १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीत ब्राइस बेयर नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी पिक्सेलांवर रंगीत काचांची जाळी बसवायची कल्पना काढली, आणि १९७६ मध्ये तिचं पेटंट मिळालं. काही पिक्सेलांवर लाल काच, तेवढ्याच पिक्सेलांवर निळी आणि प्रत्येकीच्या दुपटीनं हिरवी. हिरवी दुप्पट का? कारण आपला डोळा हिरव्या प्रकाशाला सगळ्यात जास्त संवेदनशील असतो. लाल काचेखालच्या पिक्सेलला फक्त लाल प्रकाश किती ते कळतं. त्याच जागी हिरवा आणि निळा किती असेल, हे फोन शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजानं ठरवतो. म्हणजे तुमच्या फोटोतल्या रंगांपैकी दोन तृतीयांश भाग हा हिशेबानं काढलेला अंदाज असतो! आपल्या दोन्ही फोनांत हीच युक्ती आहे. फक्त सॅमसंगमध्ये सोळाजणांच्या गटावर एकाच रंगाची काच, आणि आयफोनमध्ये चौघांच्या.

त्याच कोडॅकमध्ये, त्याच सुमाराला, १९७५ साली स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियरनं पहिला हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा बनवला होता. वजन साडेतीन किलोहून जास्त. पिक्सेल किती? १०० गुणिले १००, फक्त दहा हजार. एक काळा-पांढरा फोटो कॅसेटच्या फितीवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागायचे.

तर चकत्या सारख्या, मोठे पिक्सेल सारखे, काचांची युक्तीही सारखी. मग दोन फोनांचे फोटो वेगळे का दिसतात? कारण खरा सामना सेन्सरच्या मागे चालतो, फोनच्या मेंदूत. त्यात काय घडतं ते ऐका. तुम्हाला वाटतं, तुम्ही बटण दाबलं की एक फोटो निघाला. पण कॅमेरा उघडल्यापासून फोन सतत चित्रं टिपत असतो आणि जुनी टाकून देत असतो. ॲपलनं २०१९ मध्ये डीप फ्यूजन नावाची पद्धत आणली. तिच्यात एका फोटोसाठी नऊ चित्रं वापरली जातात, आणि त्यातली आठ तुम्ही बटण दाबण्याआधीच घेऊन झालेली असतात! मग फोन ठरवतो, हे केस या चित्रातून घेऊ, आकाश त्या चित्रातून घेऊ, स्वेटरची वीण तिसऱ्यातून. ॲपलच्या म्हणण्यानुसार आयफोन १४ प्रो एका फोटोमागे ४ लाख कोटींपर्यंत आकडेमोडी करतो. चाराच्या पुढे बारा शून्यं. तुम्ही "चीज" म्हणून तोंड मिटेपर्यंत!

सॅमसंगही पुष्कळ चित्रं घेऊन त्यांचं एक करतो. पण प्रत्येक कंपनीनं आपल्या फोनच्या मेंदूला वेगळी आवड शिकवली आहे. सॅमसंगचे फोटो बऱ्याचदा जास्त उजळ आणि रंगांनी चटकदार असतात, असं दोन्ही फोन वापरणारे अनेकजण सांगतात. गवत कितपत हिरवं, सावली किती गडद, हे निसर्गानं सांगितलेलं नसतं. ते त्या त्या कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या माणसांनी ठरवलेलं असतं.

आणि माणसं ठरवतात म्हणजे त्यात चूकही होते. जुन्या काळी फिल्मवरचे फोटो धुताना रंग जुळवायला प्रयोगशाळांकडे एक नमुन्याचं कार्ड असायचं. त्याला शर्ली कार्ड म्हणत. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे. तिचा चेहरा छान दिसला की रंग बरोबर! मग सावळ्या आणि काळ्या चेहऱ्यांचं काय? ते काळवंडून जायचे, त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव दिसायचे नाहीत. कोडॅकला हे सुधारायला कोणी भाग पाडलं माहीत आहे? चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी सामानवाल्यांनी! जाहिरातींच्या फोटोत काळं चॉकलेट आणि दुधाचं चॉकलेट यांतला फरकच दिसत नाही, गडद आणि फिक्या लाकडातला फरक दिसत नाही, अशी त्यांची तक्रार होती. माणसांच्या चेहऱ्यांसाठी जे आधीच व्हायला हवं होतं, ते चॉकलेटसाठी झालं, याचं मला वाईट वाटतं. आजच्या कंपन्या वेगवेगळ्या वर्णांच्या माणसांचे फोटो दाखवून फोनला शिकवतात. गूगलनं २०२१ मध्ये पिक्सेल ६ फोनसाठी खास असं काम केलं आणि त्याला रिअल टोन नाव दिलं. तेव्हा कुठलाही कॅमेरा तपासताना पहिला प्रश्न हा विचारा, की आपल्या घरातल्या माणसांचे रंग यात खरे दिसतात का?

आता चंद्र. इथे मात्र दोन फोनांत खरोखर मोठा फरक आहे.

कोजागिरीला गच्चीवर दूध आटत असतं आणि सगळे फोन वर रोखलेले असतात. फोटोत येतो काय, तर एक पांढरा ठिपका! का बरं? चंद्र आकाशात आपल्याला वाटतो तेवढा मोठा नसतोच. आकाशाचा जेमतेम अर्धा अंश तो व्यापतो. हिशेब केला, तर फोनच्या मुख्य कॅमेऱ्याच्या १२ मेगापिक्सेलच्या फोटोत चंद्राच्या वाट्याला येतात आडवे पंचवीसेक पिक्सेल. पंचवीस ठिपक्यांत चंद्रावरच्या डागांचा ससा कसा दिसणार! आयफोन १४ प्रोमध्ये तिप्पट जवळ आणणारं वेगळं भिंग आहे. त्यातून चंद्र ऐंशीएक पिक्सेलचा होतो. एस२३ अल्ट्रामध्ये दहापट जवळ आणणारं भिंग आहे, त्यातून तो दोनशेवीसच्या आसपास जातो. एवढं लांबलचक भिंग नऊ मिलिमीटर जाडीच्या फोनमध्ये बसवलं कसं? आडवं निजवून! आत आलेला प्रकाश लोलकावर आपटून काटकोनात वळतो आणि फोनच्या आतल्या आत प्रवास करतो. पाणबुडीच्या पेरिस्कोपमध्येही प्रकाश असाच वळवतात. दूरचं पाहण्यात सॅमसंगनं बाजी मारली, यात शंका नाही.

पण चंद्राची गोष्ट इथे संपत नाही. मार्च २०२३ मध्ये एका चौकस माणसानं एक भारी प्रयोग केला. त्यानं चंद्राचं चित्र मुद्दाम पार धूसर केलं, इतकं की खड्डे आणि डाग त्यात उरलेच नाहीत. ते चित्र संगणकाच्या पडद्यावर लावलं, खोलीत अंधार केला आणि सॅमसंगच्या फोननं त्याचा फोटो काढला. फोटोत काय आलं? डाग आणि खड्डे असलेला स्वच्छ चंद्र! जे पडद्यावर नव्हतंच, ते फोटोत आलं. मग सॅमसंगनंही समजावून सांगितलं, की फोन चंद्राला ओळखतो आणि शिकवलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं त्याचे बारकावे वाढवतो. नको असेल तर ही सोय बंदही करता येते. चंद्राच्याच बाबतीत हे सोपं का? कारण चंद्र पृथ्वीला नेहमी आपली एकच बाजू दाखवतो. कोल्हापुरातून पाहा नाहीतर कोरियातून, चेहरा तोच. एकदा शिकलं की झालं.

तुम्हाला काय वाटतं, अशा फोटोला फोटो म्हणायचं का? माझं मत सांगतो. अनेक चित्रांतला खरा प्रकाश एकत्र करणं मला पटतं. पण भिंगातून जे आलंच नाही ते भरणं, हे मला चित्र काढणं वाटतं. चित्र काढणं वाईट नाही, पण बघणाऱ्याला ते सांगायला हवं. पुढच्या कोजागिरीला एक करा. फोटो काढताना पडद्यावरच्या चंद्रावर बोट टेकवा, आणि उजेडाची खूण दिसेल ती उजेड कमी होईल त्या बाजूला ओढा. आजूबाजूचं आकाश काळं पाहून फोनला वाटतं, सगळीकडे अंधारच आहे. म्हणून तो प्रकाश वाढवतो आणि उन्हात लखलखणारा चंद्र पांढराफटक होतो. उजेड कमी केलात, तर आकार लहान असला तरी डाग दिसू लागतील, आणि ते तुम्ही स्वतः पकडलेल्या फोटॉनांचे असतील.

हे दोन्ही फोन बाजारात आले तेव्हा लाखाहून जास्त किमतीचे होते, ते तुम्हाला हाताळायला मिळतीलच असं नाही. पण सामना कुठल्याही दोन फोनांचा लावता येतो. घरातले दोन फोन मागून घ्या. आधी दोन्ही भिंगं मऊ सुती कापडानं पुसा, कारण बोटांचं तेल लागलेलं भिंग भल्याभल्या कॅमेऱ्याला हरवतं. फ्लॅश बंद, झूम नाही. एकाच जागी उभं राहून, एकामागोमाग एक, तीन प्रसंगांचे फोटो काढा. पहिला, उन्हात ठेवलेल्या वर्तमानपत्राचा. दुसरा, उजेड येणाऱ्या खिडकीकडे पाठ करून बसलेल्या आजीचा, म्हणजे चेहरा आणि बाहेरचं झाड दोन्ही नीट येतात का ते कळेल. तिसरा, संध्याकाळी मंद दिव्यात कोपऱ्यातल्या भिंतीचा. हात हलू शकतो, म्हणून प्रत्येकाचे तीन तीन काढा आणि त्यातला चांगला निवडा.

आता महत्त्वाचं. दोन फोनांच्या पडद्यांचे रंग वेगळे असतात, म्हणून सगळे फोटो एकाच पडद्यावर पाहा. ते व्हॉट्सॲपवरून साधे फोटो म्हणून पाठवू नका, त्यात ते आक्रसतात. केबलनं घ्या किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलींना फोनचं नाव देऊ नका, क आणि ख म्हणा, आणि कोणता कुणाचा ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी लपवा. मग घरातल्या सगळ्यांना एकेकट्यानं निवडायला सांगा आणि कारणही विचारा. झटकन पाहताना आपल्याला नुसता जास्त उजळ फोटो आवडतो, म्हणून कारण हवंच. "छान आहे" हे कारण चालणार नाही. वर्तमानपत्राची बारीक अक्षरं वाचता आली का? खिडकीबाहेरचं झाड दिसतं की नुसता पांढरा उजेड? भिंत रवाळ आहे का? आजीच्या लुगड्याचा रंग तोच आहे का? हा शेवटचा प्रश्न आजीला विचारा, लुगडं समोर धरून. सगळ्यांची मतं वहीत उतरली, की मगच चिठ्ठी उघडा.